भरलं पोट, झोपलं डोकं

काकांना झटका आला तो दुकानात, भर दुपारी, एका गिऱ्हाइकाला नवं कुलूप किती मजबूत आहे हे सांगता सांगता. वाक्य अर्ध्यावर राहिलं, तोंड एका बाजूला उतरलं आणि काका चाव्या घासायच्या टेबलावर आडवे झाले. शेजारीच बसलेल्या बारक्याने आधी गल्ला बंद केला, मग कुलपांचं कपाट बंद केलं, आणि मग रस्त्यावर येऊन बोंब मारली. लोक म्हणाले, काय हे, माणूस महत्त्वाचा की कपाट? पण त्यात बारक्याची चूक नव्हती. ज्यांच्या हाताखाली त्याचं आयुष्य गेलं, त्यांनी त्याला एवढंच शिकवलं होतं. आधी कुलूप, मग बाकीचं.

ज्या इस्पितळात त्यांना नेलं तिथेच ताई आहारतज्ज्ञ होती. ताई म्हणजे बारक्याची थोरली बहीण आणि काकांची पुतणी. आईबाप एकापाठोपाठ गेले तेव्हा या दोघांना काकांनी घरात घेतलं, आणि त्याबद्दल नातेवाइकांत काकांचं नाव अजून आदराने घेतलं जायचं. ताई वॉर्डात आली, पलंगाजवळ उभी राहिली आणि काकांकडे बघत राहिली. उजवा हात मेल्यासारखा पडला होता. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ येत होती. डोळे मात्र शाबूत होते आणि त्यांनी तिला ओळखलं होतं.

"डावा मेंदू आहे," डॉक्टर म्हणाले. "उजवी बाजू, बोलणं, गिळणं, तिन्ही गेलीत. वाचतील. पण पुढचं सगळं खाण्यावर आणि सरावावर. ते तुम्हाला मी काय सांगणार?"

काकांचा मुलगा, ज्याला ही दोघं दादा म्हणत, तो लांबच्या शहरात मोठ्या हुद्द्यावर होता. तो आला, दोन दिवस राहिला, सारखा घड्याळाकडे बघत राहिला. "एखादं चांगलं सेवाकेंद्र बघू," तो म्हणाला.

"कशाला?" ताई म्हणाली. "मी नेते घरी."

वॉर्डातल्या नर्सेसनी तोंडात बोटं घातली. नातेवाइकांचे फोनावर फोन आले. सख्खी मुलं करत नाहीत एवढं पुतणी करतेय, किती मोठं मन, वगैरे. ताई सगळ्यांना "चालायचंच" एवढंच म्हणाली. तिचं मन किती मोठं होतं आणि त्यात काय भरलं होतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. काका त्या दुपारी गेले असते तर लोक म्हणाले असते, सुटले. आणि ताईच्या मते तोच सगळ्यात मोठा अन्याय झाला असता. ज्याच्यावर सूड उगवायचा तो माणूस आधी शुद्धीवर पाहिजे. त्याला ऐकू आलं पाहिजे, कळलं पाहिजे आणि बोलता आलं पाहिजे. तिला काकांकडून एकच वाक्य हवं होतं, तेही चारचौघांत, बारक्याच्या समोर. त्यासाठी ती त्यांचा मेंदू घासाघासाने परत बांधून काढायला तयार होती.

ते वाक्य कुठलं, हे कळायला काकांचं स्वयंपाकघर माहीत पाहिजे.

घरात खाण्याचं एक कपाट होतं आणि त्याला कुलूप होतं. साधंसुधं नाही, दुकानातलं सगळ्यात चांगलं. किल्ली काकांच्या कमरेला. काकू तोवर वारलेल्या होत्या, त्यामुळे त्या किल्लीला दुसरा वारस नव्हता. आता काका काही कफल्लक नव्हते आणि कंजूष म्हणावं तर तेही पूर्ण खरं नाही. त्यांना एक तत्त्व सापडलं होतं. भरलं पोट, झोपलं डोकं. ते स्वतः लहानपणी अर्धपोटी राहून शिकले, म्हणून हुशार निघाले, असा त्यांचा पक्का समज होता. भुकेलं पोर तल्लख असतं, खाऊन सुस्तावलेलं पोर ढ होतं. म्हणून पुतण्यांना सकाळी शिळा पाव आणि कोरा चहा, दुपारी जेवण बेताचं, रात्री पुन्हा पाव आणि चहा. सख्ख्या मुलाच्या बाबतीत हे तत्त्व सुट्टीवर असायचं. दादाला दूध होतं, लोणी होतं, फळं होती. "त्याची प्रकृती नाजूक आहे," काका म्हणायचे. दादाची ती नाजूक प्रकृती दोन माणसांचं जेवण एका बैठकीत संपवायची.

बारक्या त्या घरात आला तेव्हा नुकता पावलं टाकायला लागला होता. बारक्या हे नाव काकांनीच ठेवलं, कारण तो वाढेना. दात उशिरा, बोलणं उशिरा. कुठेही बसला की बसल्या जागी पेंगायचा. पापण्यांची आतली बाजू कागदासारखी पांढरी. शेवटी दुकानात आलेल्या एका डॉक्टर गिऱ्हाइकाने त्याला बघितलं आणि काकांना चांगलं झापलं. रक्त नाही पोराच्या अंगात, निदान रोज एक अंडं तरी द्या, म्हणाला. गिऱ्हाईक मोठं होतं, म्हणून काकांनी ऐकलं. रोज सकाळी कपाट उघडायचं, एक उकडलेलं अंडं बारक्याच्या हातात पडायचं आणि कपाट बंद व्हायचं. एकच. ताईला नाही.

आणि त्यातही गंमत बघा. काही महिन्यांतच बारक्याला त्या अंड्याचा वास सहन होईना. तो ते चड्डीच्या खिशात घालून आणायचा आणि शाळेच्या वाटेवर ताईच्या हातात द्यायचा. "तूच खा. मला घाण वास येतो." ताई खायची. ताईने मनात काकांविरुद्ध उभ्या केलेल्या खटल्यात हाही एक मुद्दा होता. पोराला अंडं चालत नाही, एवढं तरी बघावं की नाही? त्याच्याऐवजी कपभर दूध दिलं असतं तर काय कपाट कोसळलं असतं?

ताई शाळेत पहिली यायची. बारक्या तिसऱ्या इयत्तेत दोनदा बसला आणि मग बसायचाच थांबला. काकांनी त्याला दुकानात घेतलं. जो येईल त्याला ते सांगायचे, "हा जन्मतःच मंद आहे. बिचारा. आम्ही सांभाळतो." मास्तरांना सांगितलं, गिऱ्हाइकांना सांगितलं, पाहुण्यांना सांगितलं. बारक्याला एकदा स्थळ चालून आलं होतं, त्यांनाही सांगितलं. ते लोक चहा न घेता उठले. बारक्या दर वेळी हे शेजारी उभं राहून ऐकायचा आणि मान डोलवायचा, जणू कोणी त्याच्या उंचीबद्दल बोलतंय.

पुढे ताई आहारशास्त्र शिकली. ज्या दिवशी तिने पहिल्यांदा वाचलं की अगदी लहान वयात लोह आणि प्रथिनं मिळाली नाहीत तर मेंदूचं बांधकाम कच्चं राहतं, आणि जेवणाबरोबर चहा दिला की असलेलं लोहसुद्धा अंगी लागत नाही, त्या दिवशी तिने पुस्तक मिटलं. पाव आणि कोरा चहा. बारक्या मंद जन्मला नव्हता. त्याला मंद केलं होतं, कुलूप लावून.

पुढे ती बाळंतिणींच्या वॉर्डात व्याख्यानं द्यायची, तेव्हा एक वाक्य ठरलेलं असायचं. "मेंदू दोनदा फार भुकेला असतो, बायांनो. एकदा नवा असतो तेव्हा, आणि एकदा घाव बसतो तेव्हा. पोराच्या ताटातलं अंडं कोणालाही उचलू देऊ नका."

तर तिला हवं होतं ते वाक्य असं: हा जन्मतः मंद नव्हता, मी याला उपाशी ठेवलं.

काकांना तिने आपल्या घरातल्या मागच्या खोलीत ठेवलं. सकाळी उन्हं यायची अशी ती खोली होती. त्यांना ताठ बसवायचं, पाठीला उशा, हनुवटी छातीकडे. चमचा छोटा. सगळं जेवण वाटून, मऊसर, चमच्यातून ओघळणार नाही इतपत घट्ट. घास डाव्या बाजूने द्यायचा, गिळला की थांबायचं, मग पुन्हा एकदा रिकामं गिळायला लावायचं, आणि शेवटी उजवा गाल बोटाने तपासायचा, कारण मेलेल्या गालात घास लपून बसतो आणि माणूस झोपला की श्वासनळीत उतरतो. अंडी, दूध, डाळी, मासे, हिरव्या भाज्या, वाटलेले बदाम, मीठ बेताचं. रोज रक्तदाब. रोज वजन. इस्पितळात एवढी बडदास्त तिने कोणाची ठेवली नसेल.

"किती मायेने भरवता हो," शेजारीण म्हणाली.

"माया नाही, पगारी सवय," ताई म्हणाली. शेजारणीला तो विनय वाटला.

खरं तर तिच्या प्रत्येक चमच्यात विष होतं, फक्त ते काकांच्या पोटात जात नव्हतं. ती भरवताना मनात बोलायची. हे घ्या, तुम्ही बारक्याला न दिलेलं दूध. हे घ्या, तुम्ही कुलपात ठेवलेलं लोणी. खा. भरा पोट. बघू तुमचं डोकं झोपतं का. काका तोंड उघडायचे, पक्ष्याच्या पिल्लासारखे. ज्या कमरेला किल्ली असायची त्या कमरेला आता लंगोट होता, आणि घरातल्या सगळ्या कपाटांच्या किल्ल्या ताईकडे होत्या. हे तिला आवडायचं. खोटं कशाला बोला, फार आवडायचं.

सगळ्यात कठीण होतं पाणी. साधं पाणी गिळायला सगळ्यात अवघड, ते सरळ फुप्फुसात जातं. म्हणून काकांना पाणीसुद्धा पावडर घालून मधासारखं घट्ट केलेलं मिळायचं. ते चमच्याने भरवायचं. त्याने तहान भागते, पण जिवाचं समाधान होत नाही. एका उकाड्याच्या दुपारी ताई त्यांच्यासमोर काचेच्या ग्लासातून पाणी प्यायली. मुद्दाम नव्हे, निदान सुरुवातीला तरी नव्हे. काकांचा डावा हात उठला आणि ग्लासाकडे आला. बोटं उघडमीट करायला लागली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की झटक्यानंतरच्या अशा रडण्याला भुलू नका, ते मनाचं नसतं, मेंदूचं असतं. त्यामुळे त्या अश्रूंचाही तिला राग आला. तिला काकांचे खरे अश्रू हवे होते.

ग्लास तिच्या हातात होता. अर्धा भरलेला. तिने तो काकांच्या ओठांपर्यंत नेला. एवढंच करायचं होतं. पाणी मागितलं, दिलं. जगात कोण नाव ठेवील? ठसका लागेल, दोन दिवसांनी ताप येईल, न्यूमोनिया म्हणतील, वय झालं होतं म्हणतील. सुंठीवाचून खोकला गेला म्हणतील. काकांनी तोंड उघडलं. त्यांच्या ओठांना काचेचा गारवा लागला.

तिने ग्लास मागे घेतला.

"नाही काका," ती म्हणाली. "एवढ्या स्वस्तात नाही सुटायचं."

तिने पावडर कालवली आणि चमच्याने घट्ट पाणी भरवलं. आपल्याला दया आली म्हणून थांबलो असं तिने स्वतःला एकदाही सांगितलं नाही, आणि एवढा प्रामाणिकपणा तिच्याकडे होता.

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं. काकांचं दुखणं तर थकलेल्या मुंगीच्या पावलांनी निघालं होतं. पण निघालं होतं. आधी गिळणं सुधारलं. मग पाय हलायला लागला. गालावर मांस आलं. बोलणं शिकवायला इस्पितळातून एक बाई यायच्या, त्यांना बारक्या जिभेच्या बाई म्हणायचा. जिभेच्या बाई चित्रं दाखवायच्या, तोंड वेडंवाकडं करून आवाज काढून दाखवायच्या, आणि काका कपाळावर घाम येईपर्यंत ओठ हलवायचे. आवाज यायचा, शब्द यायचा नाही.

आणि एका सकाळी आला. ताईने शेवटचा चमचा भरवला, गाल तपासला, तोंड पुसलं, आणि काका स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाले,

"भरलं पोट, झोपलं डोकं."

ताईच्या हातून वाटी पडली.

"असं होतं," जिभेच्या बाई खूश होऊन म्हणाल्या. "वर्षानुवर्षं म्हटलेलं वाक्य आपोआप बाहेर येतं. शिव्या येतात, आकडे येतात. ते बोलणं नाही, सवय आहे. पण चांगली खूण आहे हं."

चांगली खूण दिवसभर वाजायला लागली. भूक लागली, भरलं पोट झोपलं डोकं. ऊन आलं, भरलं पोट झोपलं डोकं. शेजारीण भेटायला आली, तिचं स्वागतही त्याच शब्दांत. लघवी लागली तरी तेच, फक्त जरा घाईत. ताईला वाटायचं, उशी घ्यावी आणि त्या तोंडावर दाबावी. एवढा मेंदू जळला, आपलं नाव जळलं, पाण्याचं नाव जळलं, पोराचं नाव जळलं, आणि हे तेवढं राहिलं. जित्याची खोड म्हणतात ती अशी.

बारक्याला मात्र हसू आवरायचं नाही. तो रोज संध्याकाळी दुकान बंद करून यायचा. काकांच्या पायाशी बसायचा, त्यांना दिवसभराच्या गमती सांगायचा. कोणाची किल्ली गटारात पडली, कोण स्वतःच्याच घराबाहेर अडकला. काका म्हणायचे, भरलं पोट झोपलं डोकं. बारक्या मांडीवर थाप मारून म्हणायचा, "बरोबर आहे काका!" मग दोघं हसायचे, काका अर्ध्या तोंडाने. ताईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"तुला राग नाही येत रे यांचा?" तिने एकदा स्वयंपाकघरात विचारलं.

"कशाचा?"

"तुला आयुष्यभर मंद म्हणाले, त्याचा."

बारक्याने विचार केला. त्याला विचार करायला वेळ लागायचा आणि तो तेवढा वेळ घ्यायचा. "मी हळूच आहे ताई," तो म्हणाला. "त्यात खोटं काय?"

तिने त्याच्यापुढे ताट ठेवलं. काकांसाठी उकडलेली अंडी उरली होती, पण त्याच्या ताटात अंडं ती कधीच वाढत नसे. त्याला वास सहन होत नाही, हे तिच्याशिवाय कोणाला ठाऊक असणार?

जिभेच्या बाईंनी सांगितलं की सरावाला घरातले, ओळखीचे शब्द घ्या, ते लवकर येतात. ताईने घेतले. ती काकांसमोर बसायची आणि एकेक शब्द म्हणायची. कुलूप. किल्ली. कपाट. भूक. पाव. मी. नाही. मंद. जिभेच्या बाईंना शब्द जरा उदास वाटले, पण कुलूपवाल्याच्या घरात कुलूप असायचंच, म्हणून त्यांनी हरकत घेतली नाही. काकांना मात्र कळलं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच त्यांनी "कपाट" म्हटलं आणि तिच्याकडे असं बघितलं की ताईच्या लक्षात आलं, आत कोणीतरी जागं झालंय. त्या दिवशी तिने त्यांना दोन चमचे लोणी जास्त घातलं.

पुढे शब्दाला शब्द जुळायला लागले. पूर्ण वाक्य नव्हे. पाणी, दे. पाय, दुखतो. बारक्या, आला? जुनं वाक्य मागे पडलं. दमल्यावरच यायचं. डॉक्टर म्हणाले, या वयात एवढी सुधारणा क्वचित दिसते, तुमच्या आहाराला श्रेय आहे. ताईने मान लवून श्रेय घेतलं आणि घरी येऊन दादाला फोन लावला.

"काका बोलायला लागलेत. ये. सगळ्यांनी एकदा एकत्र जेवू."

दादा आला. फळांची टोपली घेऊन आला. काकांना ताठ बसून, डाव्या हाताने, स्वतः चमचा धरून जेवताना बघून त्याचे डोळे भरून आले. "ताई, तुझे उपकार," तो म्हणाला. ताई म्हणाली, "जेव आधी." टेबलाच्या एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला दादा, मध्ये बारक्या. ताई उभीच होती. खटला चालवणारी माणसं उभी राहूनच बोलतात.

जेवणं झाली. तिने काकांचा गाल तपासला, तोंड पुसलं आणि त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"काका, एक विचारते. नीट उत्तर द्या. तुम्हाला येतं आता. बारक्या जन्मतः मंद होता का?"

"ताई, हे काय आता?" दादा म्हणाला.

"तू गप्प बस. तू दूध प्यायलेला आहेस."

काकांनी तिच्याकडे बघितलं, मग बारक्याकडे. त्यांचा डावा हात टेबलावर हलायला लागला. शब्द गळ्यापर्यंत येऊन अडकत होता, ते दिसत होतं. ताईला तो ओढून काढावासा वाटत होता.

"नाही," काका म्हणाले.

"काय नाही?"

"मंद... नाही. पोर... चांगलं." त्यांनी दम घेतला. "कुलूप... मी. भूक... मी. मी केलं."

झालं. इतक्या वर्षांचं, एवढंसं वाक्य. ताईने दादाकडे बघितलं, त्याची मान खाली गेली होती. तिने बारक्याकडे बघितलं. तिला वाटलं होतं की तो रडेल, नाहीतर उठून उभा राहील, त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळेल. तो सालपट काढून ठेवलेल्या फळाकडे बघत होता.

"ऐकलंस ना बारक्या? यांनी केलं. तू तसा नव्हतास."

"हं," बारक्या म्हणाला.

पण काका थांबले नव्हते. तिने त्यांना इतकं चांगलं बोलतं केलं होतं की त्यांच्याकडे आणखीही शब्द शिल्लक होते. डावा हात उठला आणि त्यांनी बारक्याच्या खिशाकडे बोट दाखवलं.

"अंडं," काका म्हणाले. "याचं. एक. रोज."

"हो, एकच," ताई म्हणाली. "तेही त्याला चालत नव्हतं. तुम्ही कधी बघितलंत?"

"बघितलं." बोट वळलं आणि तिच्यावर येऊन थांबलं. "खिसा... रस्ता... तू. तू खाल्लं. दुकानातून... दिसायचं. रोज."

"कारण त्याला वास यायचा!"

काकांनी मान हलवली. नाही. कितीतरी वेळ ते मान हलवत राहिले. "पोराला... आवडायचं," ते म्हणाले. "मला कळत होतं. गप्प... राहिलो. म्हटलं..." त्यांनी डोळे मिटले आणि शब्द शोधून आणला. "एक हुशार... पुरे."

ताईला आधी वाटलं, म्हातारा सूड उगवतोय. मरता मरता चिखल उडवतोय. चोर तो चोर, वर शिरजोर. ती बारक्याकडे वळली. त्याने एकदा "खोटं आहे" म्हणावं, की झालं.

"बारक्या, तुला वास यायचा ना रे अंड्याचा?"

बारक्याने तिच्याकडे बघितलं नाही. काकांना म्हणाला, "काका, ते कशाला सांगायचं आता? तिला वाईट वाटेल ना."

"बारक्या. वास यायचा ना?"

"यायचा की. चांगला यायचा." तो कानकोंडा झाला होता. "तू पडली होतीस ना शाळेच्या फाटकापाशी. चक्कर येऊन. डोळे पांढरे केले होतेस. मला वाटलं, आईसारखी तू पण मरणार. नुसतं 'तू खा' म्हटलं तर तू ऐकायची नाहीस. मग मी वासाचं सांगितलं." तो जरासा हसला, एवढी युक्ती आपल्याला तेव्हा सुचली म्हणून. "तुला लगेच पटलं."

लगेच पटलं. हो. तिला आठवलं की ती दुसऱ्यांदा विचारायला कधी थांबली नव्हती. अंडं खिशातून निघायचं तेव्हा कोमट असायचं, त्याला सुताचे धागे चिकटलेले असायचे, आणि ती ते दोन घासांत संपवायची. तो तिच्या तोंडाकडे बघत उभा असायचा. त्या अंड्यावर ती पहिली आली, त्या अंड्यावर पुस्तकं वाचली, त्या अंड्यावर तिला कळलं की पोराच्या ताटातलं अंडं उचलू नये. तो पाव, तो कोरा चहा, ते कुलूप, ते सगळं काकांचंच होतं, त्यातलं काही एक कमी होत नव्हतं. पण त्या कपाटातून एक रोज बाहेर पडत होतं, ते बारक्याचं होतं, आणि ते तिच्या पोटात गेलं होतं. त्याने किती फरक पडला असता, हे कुठलंही शास्त्र तिला सांगू शकणार नव्हतं. कदाचित काहीच नाही, कदाचित पुष्कळ.

दादा उठला आणि उगाच फळांची टोपली नीट करायला लागला. काका रडत होते. ते मनाचं होतं की मेंदूचं, हे आता तिला बघावंसंही वाटेना. इतके महिने तिने त्यांना सांभाळलं ते याच दिवसासाठी, आणि हातात आलेली आग तिच्याच हाताला लागली होती. तिला काकांचा राग आला, पहिल्यापेक्षा जास्त आला. दुकानातून रोज बघत होता म्हातारा, आणि एक हुशार पुरे म्हणाला. पण आता त्या रागात तिचंही नाव होतं, आणि ते काढून टाकता येत नव्हतं.

तिने काकांना उचलून मागच्या खोलीत नेलं, कुशीवर निजवलं, पाठीला उशी लावली. जेवणानंतर आधी थोडा वेळ ताठ बसवायचं असतं, हे पहिल्यांदाच तिच्या लक्षातून गेलं. मग ते आठवलं आणि तिने त्यांना परत उठवून बसवलं. त्यांनी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला. क्षमा तिला करायची नव्हती, आणि मागायची कशी हे माहीत नव्हतं.

स्वयंपाकघरात येऊन तिने पातेल्यात पाणी ठेवलं आणि अंडी उकडायला घातली. बारक्या दारात उभा होता.

"काकांना आता पुन्हा?"

"तुला. बस."

"माझं जेवण झालंय ताई."

"बस म्हटलं ना."

तो बसला. तिने अंडं सोललं, मीठ लावलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. बारक्याने ते दोन्ही हातांनी उचललं, नाकाशी नेलं, वास घेतला. मग त्याने ते नीट मधोमध फोडलं, पिवळा बलक अलगद बाहेर काढला आणि जुन्या सवयीने तिच्याकडे सरकवला.

"नाही," ताई म्हणाली. "सगळं तू खायचं. माझ्यासमोर."

काका पूर्वी कपाटासमोर उभे राहायचे तशी ती टेबलासमोर उभी राहिली. बारक्याने बलक तोंडात टाकला. तो हळूहळू चावत होता, डोळे मिटून. मागच्या खोलीतून दमलेला, सवयीचा आवाज आला.

"भरलं पोट, झोपलं डोकं."

बारक्याचे गाल भरलेले होते. "झोपू दे की काका," तो तशाच भरल्या तोंडाने म्हणाला, आणि हसला.

ताईने दुसरं अंडं सोलायला घेतलं.